कूलंट गोड लागतं, पण ते विष आहे!



नसरापूरजवळून पुणे-सातारा महामार्ग जातो. वस्तीतली पोरं गॅरेजात कामाला जातात. रेडिएटरमधून काढलेलं हिरवं-गुलाबी कूलंट कुणी पाण्याच्या बाटलीत भरून घरी आणतं, कुणी गटारात ओततं. दोन्ही घातक.

कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं. ते गोड असल्याने लहान मूल सरबत समजून पितं. आधी दारू प्यायल्यासारखी झिंग, उलट्या. मग दम लागतो. एक-दोन दिवसांत लघवी कमी होऊन मूत्रपिंडं निकामी होतात. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच्याच भावंडाची, डायइथिलीन ग्लायकॉलची, भेसळ असलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. चौकशीला न्या. लेंटिन आयोग बसला.

हे पाळा :

• इंजिन थंड झाल्यावरच झाकण उघडा. हातमोजे घाला.

• खाली पसरट ट्रे ठेवा. कूलंट घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, त्यावर ‘विष’ लिहा. ऑइलमध्ये मिसळू नका.

• पाण्याची, सरबताची बाटली कधीच वापरू नका.

• सांडलेलं लगेच भुसा-मातीने टिपा; कुत्री-गुरं चाटतात. शिवगंगेच्या पाण्यात जाऊ देऊ नका.

• कॅन, मोजे देणं आणि कूलंटची योग्य विल्हेवाट लावणं मालकाचं काम आहे. ते मागायला लाजू नका.

कुणी प्यायलंच, तर उलटी करवू नका. लक्षणांची वाट न पाहता १०८ ला फोन करा, बाटली सोबत न्या. वेळेत उतारा आणि डायलिसिस मिळालं तर जीव वाचतो.