आखाजीच्या ताटातील रस

चैत्राचा उत्तरार्ध उलटला, की जळगाव-धुळ्याच्या बाजारपेठांना निराळीच कळा येते. ऊन डोक्यावर आग ओतीत असते, तरीही रस्त्याच्या कडेला कुंभारांनी मांडलेल्या तांबड्या घागरींच्या उतरंडी, डांगरांचे ढीग आणि आंब्यांच्या करंड्या यांच्याभोवती सुवासिनींची दाटी हटत नाही. घागर वाजवून घेतली जाते, डांगर हुंगून घेतले जाते. आंब्यापाशी मात्र पाऊल घुटमळते. यंदा पितरांना रस कोणत्या आंब्याचा दाखवायचा? हा प्रश्न वरकरणी जिभेचा दिसतो. पण ज्या घरात आखाजी मनोभावे पाळली जाते, तेथे तो केवळ जिभेचा राहात नाही.

वैशाख शुद्ध तृतीयेस अवघा महाराष्ट्र अक्षय्य तृतीया म्हणतो. साडेतीन मुहूर्तांमध्ये तिची गणना करतो आणि अलीकडे सुवर्णखरेदीच्या जाहिरातींतून तिला ओळखतो. आपल्या खानदेशात ती आखाजी. येथे हा दिवस पितरांचा आणि माहेरी आलेल्या लेकींचा आहे. सालदाराचे साल याच दिवशी संपते आणि नवे साल याच दिवशी ठरते. निंबाच्या फांदीला झोका चढतो, गौराईची गाणी रंगतात. बहिणाबाई चौधरींसारख्या थोर कवयित्रीलाही या सणावर कविता रचावीशी वाटली, यावरूनच त्याचे येथील स्त्रीजीवनातील स्थान कळावे. सकाळी नव्या घागरीत पाणी भरून तिच्यावर लहानसे मातीचे भांडे ठेवायचे, त्यावर डांगर, सांजोऱ्या आणि आंबे मांडायचे. पूर्वजांचे नाव घेऊन उंबरठ्यावर कुंकवाचे बोट ओढायचे. आणि मध्यान्ही विस्तवावर तूप व अन्न घालून आगारी टाकायची. ही आगारी पडेपर्यंत घरातील कोणी आंब्याचा रस तोंडी लावायचा नाही, असा दंडक जुन्या घरांतून आजही पाळला जातो. वर्षाचा पहिला रस पितरांचा, मग आपला.

अडचण आहे ती येथेच. तिथी चंद्राप्रमाणे चालते, आंबा सूर्याप्रमाणे पिकतो. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे आखाजी दरवर्षी मागे सरते आणि अधिक मास आला म्हणजे एकदम पुढे जाते. २०२३ साली ती २२ एप्रिलला आली, २०२४ साली १० मे रोजी, तर २०२५ साली ३० एप्रिलला. आपल्याकडच्या गावरान झाडाला पाड लागतो तो मात्र पुष्कळदा मे महिन्याच्या अखेरीस, आणि खरा बहर येतो तो मृगाच्या तोंडावर. म्हणजे ज्या वर्षी तिथी लवकर येते, त्या वर्षी घागरीवरचा आंबा दूर देशीचाच असणार, हे ओघानेच आले. मग तो कोणत्या देशीचा असावा, आणि आपल्या ताटाशी त्याचे जमते कसे, हे एकदा चाखूनच पाहावे, असे २०२५ च्या आखाजीस आमच्या घरी ठरले.

परीक्षक होत्या आमच्या आत्याबाई. त्यांना आम्ही फुई म्हणतो. वयाची ऐंशी वर्षे उलटली तरी आखाजीस माहेरी येण्याचा त्यांचा नेम चुकलेला नाही. आगारी पडल्यानंतर पाच वाट्यांत पाच आंब्यांचे रस मांडले. सारे आंबे आधी दोन तास पाण्यात घातलेले, सारे रस हाताने पिळलेले. साखर नाही, दूध नाही. यंत्रात घुसळलेल्या रसात हवा शिरते, तो फेसाळतो आणि त्याचा वास लवकर उतरतो, म्हणून फुईंनी यंत्राला स्वयंपाकघरात त्या दिवशी थाराच दिला नव्हता. सोबतीला खापरावरची पुरणपोळी, कुरडई, भजी आणि कटाची झणझणीत रशी.

या पोळीविषयी येथे थोडे सांगणे अगत्याचे आहे, कारण रसाची परीक्षा तिच्याशिवाय होऊच शकत नाही. चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर ही पोळी भाजतात. तिला पोळपाट-लाटणे पुरत नाही. पुरण भरलेला उंडा हातांवर झेलीत, फिरवीत, कोपरापर्यंत पसरत नेतात आणि मग तलम वस्त्र अंथरावे तशी ती खापरावर अंथरतात. अशी पोळी रुमालासारखी घडी घालून ताटात येते. ती खाण्याची रीत म्हणजे कुस्करून रसात बुडवणे. म्हणून रस तिच्यात मुरला पाहिजे. जो रस तिच्या वर नुसता बसून राहतो, तो कितीही नामांकित असो, या ताटातला नव्हे.

पहिली वाटी बदामाची. आंध्रातील बनगानपल्लीचा हा आंबा आपल्या बाजारात बदाम या नावाने येतो, लवकर येतो आणि सामान्य संसाराला परवडतो. रस फिकट पिवळा, दाट, धाग्यावाचून. आंबटपणा जवळजवळ नाहीच, आणि हेच त्याचे वैगुण्य. पुरण गोड, रस गोड. दोन गोड गोष्टी एकत्र आल्या म्हणजे तिसऱ्या घासाला जीभ कंटाळते. त्यात चिमूटभर मीठ, मिरपूड आणि सुंठ घातली, तेव्हा तो जरा बोलू लागला. रशी-भाताच्या मागून घोटभर घेण्यास मात्र तो उत्तम, हे मान्य केले पाहिजे.

दुसरी वाटी लालबागची. खांद्यावर लाली असलेला हा दक्षिणेकडील आंबा दिसावयास देखणा. रस बदामाहून पातळ, किंचित आंबूस. एकट्याने तो मोठे नाव काढणार नाही. पण बदामाच्या तीन भागांत लालबागचा एक भाग मिसळला, तेव्हा दोघांचीही उणीव भरून निघाली. लवकर येणाऱ्या आखाजीस ज्या घरात माणसे अधिक आणि पैसा बेताचा, त्या घराने हे मिश्रण निःशंक करावे.

तिसरी वाटी हापूसची. आमचे मत येथे काही वाचकांस रुचणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. पोर्तुगीजांच्या काळात गोव्याकडे कलमांच्या द्वारे ज्याची जोपासना झाली, ज्याच्या कोकणातील पिकाला २०१८ साली भौगोलिक मानांकन लाभले, त्या फळाच्या सुगंधाविषयी शंका कोण घेणार? पण त्याचा रस घट्ट; खापरपोळी त्यात भिजत नाही, माखते. आणि त्याचा गंध इतका प्रबळ, की पुरणातील जायफळ-वेलची कोठच्या कोठे लोपून जाते. हापूसच्या रसासोबत पुरी खावी, किंवा त्याच्या नुसत्या फोडी खाव्यात. आमच्याकडील हाताच्या शेवयांवरही तो फार शोभतो, कारण शेवयांना स्वतःची गोडी नसते. आखाजीच्या ताटासाठी मात्र तेवढे पैसे मोजण्याचे कारण नाही.

चौथी वाटी पायरीची, आणि येथे फुईंचा हात पहिल्यांदा पुन्हा वाटीकडे गेला. पायरीचा रस पातळ, रंगाने केशरी, आणि गोडीच्या पाठोपाठ येणारी ती आंबट लहर! पोळी दोन क्षणांत मुरते, वर तुपाची धार पडली की आंबटपणाला मऊ अस्तर लागते, आणि मध्येच कुरडई मोडली म्हणजे तिच्या खारटपणाने जीभ पुन्हा ताजी होते. दोष इतकाच, की पायरी टिकत नाही. आज पिकली तर उद्या संपवावी लागते, आणि आपल्या बाजारात ती थोडीच येते. मिळाली तर सोडू नये.

पाचवी वाटी केशराची. गिरनारच्या परिसरातील या आंब्याला १९३४ साली जुनागढच्या नबाबांनी त्याच्या गराचा रंग पाहून ‘केशर’ हे नाव दिले, असे सांगतात. गीरच्या केशराला २०११ साली आणि मराठवाड्याच्या केशराला २०१६ साली मानांकन मिळाले. रस ना फार दाट ना फार पातळ, गोडीला आंबटाची बारीक किनार. खापरपोळीशी पायरीच्या खालोखाल यानेच जमवून घेतले. बिबड्यासोबत किंवा नागलीच्या पापडासोबत तर तो अधिकच खुलला. पण सावधगिरीचा इशारा द्यावासा वाटतो: एप्रिलच्या अखेरीस मिळणारे केशर पुष्कळदा कोवळेच उतरवलेले असते. आखाजी मे महिन्यात आली तर केशर घ्यावे. एप्रिलमध्ये आली तर फळ हुंगल्याशिवाय घेऊ नये.

हुंगण्याचा आग्रह का, ते एका कटू अनुभवावरून सांगतो. मागे एका वर्षी घाईगर्दीत एका दुकानातून सोन्यासारखे पिवळेधमक आंबे आणले. कापले तेव्हा देठाशी वास नाही आणि कोयीशी गर पांढरट, आंबट. ते कार्बाइडच्या पुड्या ठेवून पिकवलेले असावेत, असा आम्हांस दाट संशय आहे. कॅल्शियम कार्बाइडला ओलावा लागला म्हणजे ॲसिटिलीन वायू निघतो. त्याने साल पिवळी होते, पण आत पिकण्याची क्रिया पुरी होत नाही. शिवाय बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसचे विषारी अंश असतात. म्हणूनच फळे पिकविण्यासाठी त्याचा वापर कायद्याने निषिद्ध आहे. इथिलीन वायूच्या कोठीत ठराविक मर्यादेत फळ पिकविण्यास मात्र अनुमती आहे, आणि त्यात गैर काही नाही. फळ स्वतःही पिकताना हाच वायू सोडते. तरी ज्यांना शक्य आहे, त्यांनी चार-सहा दिवस आधी हिरवे पण पक्व आंबे आणून घरी गवताची आढी घालावी. पितरांपुढे ठेवायची वस्तू आहे; तिचे पिकणे तरी खरे असावे.

पाचही वाट्या संपल्यावर निकाल सांगण्याची विनंती फुईंना केली. त्यांनी पायरीला पहिला मान दिला. मग थोडा वेळ त्या घागरीकडे पाहात राहिल्या आणि म्हणाल्या, “रस गोड शे, पन आंबा आपला नही.” त्यांच्या वडिलांना, म्हणजे आमच्या आजोबांना, यांतला एकही आंबा ठाऊक नव्हता. त्यांनी जन्मभर बांधावरच्या झाडांचे आंबे खाल्ले. ज्यांच्या नावे आगारी टाकली, त्यांना हा रस ओळखू तरी येईल का, असा तो सवाल होता. त्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

गावरान आंबा म्हणजे कोयीपासून उगवलेला रायवळ. कलमाचे फळ आईच्या वळणावर जाते. कोयीचे झाड मात्र कोणासारखे निघेल याचा नेम नसतो. म्हणून प्रत्येक झाडाची चव निराळी, आणि प्रत्येकाला नावही निराळे. शेपूचा वास येणारा तो शेप्या, लहान गोल तो गोटी, गोडीला उतरणारा तो साखऱ्या, खोबऱ्यासारख्या गराचा तो खोबऱ्या. आमच्या बांधावर अशी सात झाडे होती, असे फुई बोटांवर मोजून सांगतात. आज एकही नाही. सावलीने पीक खुरटते म्हणून काही गेली, भावाभावांच्या वाटणीत काही गेली, एक घराच्या तुळईसाठी गेले. अशी कथा खानदेशात गावोगाव ऐकू येते. सातपुड्यात, धडगावच्या बाजूस, रायवळ झाडे अद्याप बरीच आहेत. पण तेथील पुष्कळ कैरी पिकण्यापूर्वीच उतरते आणि उन्हात वाळून आमचूर होऊन बाजारात जाते. डोंगरातल्या कुटुंबाच्या हाती त्यामुळेच चार पैसे पडतात, तेव्हा त्यांना दोष कसा द्यावा?

ज्येष्ठाच्या आरंभी शेजारच्या गावातील एका स्नेह्याकडून टोपलीभर रायवळ आंबे आले. फुई तोवर सासरी परतल्या नव्हत्या. सहाव्या वाटीची परीक्षा तेव्हा झाली. रस पाण्यासारखा पातळ, धागे असे की गाळण्यावाचून गत्यंतर नाही. एका आंब्यात गोडी, दुसऱ्यात खटास, तिसऱ्यात शेपूचा उग्र दरवळ. सारे एकाच पातेल्यात पिळले, तेव्हा पाचही वाट्यांत नव्हते ते त्यात उतरले. खापर पुन्हा चुलीवर चढले. फुई चार वाट्या रस प्यायल्या, आणि वर सुंठ मागितली.

तेव्हापासून आमच्या घरी एक क्रम ठरला आहे, तो वाचकांपुढे ठेवतो. आखाजीस तिथीप्रमाणे घागर भरायची, बाजारात जो खरा पिकलेला आंबा मिळेल त्याचा रस दाखवायचा. आणि तसा न मिळाला तर गुळवणीचा नैवेद्य करण्यास कमीपणा मानायचा नाही. पुढे गावरान आंबा हाती आला, की त्यानंतरच्या अमावास्येस, जी पितरांचीच तिथी आहे, त्याच्या रसाचे एक पान निराळे वाढायचे. शास्त्रार्थ जाणणाऱ्यांनी यात काही उणे असल्यास अवश्य दाखवावे.

त्या टोपलीतल्या कोयी फुईंनी टाकू दिल्या नाहीत. धुऊन, सावलीत सुकवून, अकरा कोयी त्यांनी परसात जुन्या घागरीचे पाणी सांडते तेथे पुरल्या. मृगाच्या सरींनंतर तीन उगवल्या. पाने कोवळी, तांबूस होती. कोणता शेप्या आणि कोणता साखऱ्या, हे कळावयास अजून काही वर्षे जावी लागतील. फुईंनी मात्र तिघांनाही नावे देऊन टाकली आहेत.