वेग घेतला की बोट एका अंगाला का झुकते? खर्च करण्याआधी हे तपासा

मोताळा : उभी असताना बोट सरळ. हळू चालवली तरी सरळ. पण इंजिनाला रेस दिली, पुढचं टोक पाण्याबाहेर उचललं गेलं, की तिचं एक अंग खाली जातं आणि चालवणाऱ्याला सुकाणू दुसऱ्या बाजूला दाबून धरावं लागतं. नळगंगेसारख्या मोठ्या जलाशयावर मासेमारीला, पर्यटनाला किंवा पुराच्या कामाला इंजिनाची बोट वापरायची म्हटली, की हा प्रश्न कधी ना कधी समोर येतोच.

त्यावर सगळीकडे एकच गावठी उपाय चालतो. जे अंग वर उचललं गेलं, तिकडे एखाद्या पोऱ्याला बसवायचं, नाहीतर रेतीची गोणी ठेवायची. बोट सरळ दिसते आणि सगळे निश्चिंत होतात. धोका नेमका इथंच आहे. वेगामुळे आलेला झुकाव वेग कमी झाला की निघून जातो, पण पोऱ्या आणि गोणी तिथंच राहतात. समोर जाळं किंवा बुडालेलं झाड दिसलं, इंजिन एकदम बंद केलं, की तीच बोट उलट्या बाजूला झुकते. त्यात घाबरून दोघे-तिघे एका बाजूला सरकले तर ती कलंडायला वेळ लागत नाही.

धरणाचं पाणी शांत दिसतं म्हणून ते निर्धोक नसतं. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी या गावांदरम्यान जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांचा जीव गेला, एक जण पोहून काठाला लागला. तिथं कारण वाऱ्याचं होतं. पण जी बोट आधीच एका अंगानं चालते, तिच्याकडे अशा वेळी सावरायला जागाच कमी उरते.

म्हणून आधी दोष शोधायचा, मग पैसे खर्च करायचे. मेकॅनिक आला की पहिल्यांदा पंखा बदला म्हणतो किंवा मागे पट्ट्या बसवा म्हणतो. त्याआधीची निम्मी तपासणी फुकटात होते.

सुरुवात वाऱ्यापासून करावी, कारण पुष्कळदा बोटीत काहीच बिघाड नसतो. उघड्या पाण्यावर आडवा वारा बोटीचं पुढचं टोक ढकलतो. सरळ जायचं म्हणून चालक इंजिन वाऱ्याच्या बाजूला वळवून धरतो. त्यामुळे पंख्याचा जोर तिरपा लागतो आणि बोट वाऱ्याकडेच झुकते. वारा उजवीकडून असेल तर बोट डावीकडे झुकायला हवी असं वाटतं, घडतं मात्र उलटं. ओळखायचं कसं? एकाच सरळ रेषेत, एकाच वेगानं जाऊन यायचं. जाताना डावं अंग खाली आणि येताना उजवं, असं झालं तर दोष वाऱ्याचा. दोन्ही वेळा तेच अंग खाली गेलं तर दोष बोटीत किंवा तिच्यातल्या सामानात.

मग सामान बघायचं. लहान बोटीत चालवणारा इंजिनाच्या दांड्याजवळ एका कडेला बसतो. पेट्रोलची कॅन आणि बॅटरीही त्याच्या हाताशी, म्हणजे त्याच बाजूला. मोटारसायकलला एकाच बाजूनं दुधाची कॅन अडकवली तर हँडल कसं ओढतं, तसाच हा प्रकार. बॅटरी आणि कॅन दुसऱ्या बाजूला हलवून पुन्हा चालवून बघावं. आणि त्या जागी ती पक्की बांधावी, नाहीतर पहिल्याच वळणावर कॅन परत घरंगळत येते. पुढचं-मागचं वजनही महत्त्वाचं आहे. बैलगाडी मागून जड झाली की जू जसं वर उचललं जातं, तसं बोटीचं टोक उचललं जातं. मग थोडासाच तळ पाण्याला टेकून राहतो आणि बोट डुगडुगायला लागते. नुसतं वजन थोडं पुढे सरकवूनही अशा बोटी बऱ्याच अंशी सरळ होतात.

इथवर काही सापडलं नाही तर तळाशी साचलेल्या पाण्याचा संशय घ्यावा. हा सगळ्यात घातक दोष आहे आणि तो सहज दिसत नाही. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद जागेत फक्त दहा सेंटिमीटर पाणी साचलं तर ते दोनशे लिटर, म्हणजे सिमेंटच्या चार गोण्या. गोणी निदान एका जागी पडून राहते, पाणी राहत नाही. अर्धा भरलेला टँकर वळणावर कसा हेलकावतो ते ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना सांगायला नको. बोट जरा झुकली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी झुकवतं.

फायबरच्या बोटीत दोन थरांमध्ये तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. वर कुठं तडा गेला असेल तर वर्षानुवर्षं तो पाणी पीत राहतो. वरून बोट कोरडी, आतून एक बाजू जड. काठावर ओढताना ती पूर्वीपेक्षा जड लागते का, हे जुन्या माणसाला विचारावं. खात्री करायची तर ट्रॉलीसकट वजनकाट्यावर न्यावी, मग रिकाम्या ट्रॉलीचं वजन वजा करावं आणि बोटीच्या कागदावर लिहिलेल्या वजनाशी ताडून बघावं. फरक मोठा असेल तर फोम काढून बदलणं एवढाच मार्ग. उन्हात वाळवून तो सुकत नाही.

आता इंजिन. बोअरमधला सबमर्सिबल सुरू होताना पाइपाला हिसका बसतो, कारण पंप एका दिशेला फिरतो तेव्हा पाइपाला उलट दिशेला पिळतो. बोटीचा पंखाही तेच करतो. बहुतेक बोटींचा पंखा मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो, त्यामुळे बोटीचं डावं अंग खाली दाबलं जातं. बोट हलकी आणि इंजिन मोठं असेल तर हे जास्त जाणवतं. स्टिअरिंगच्या बोटीत चालकाची जागा बहुधा उजवीकडे असते, त्यामागचं हेही एक कारण आहे. झुकाव डावीकडेच असेल, रेससोबत वाढत असेल आणि रेस सोडली की जात असेल, तर बराचसा दोष या पिळाचा समजावा.

यावर उपाय अवघड नाहीत. इंजिन मागच्या फळीच्या बरोबर मध्यावर आहे का, ते टेपनं दोन्ही कडांपासून मोजावं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की खुंट-दगड वर येतात, त्यांना धडकून इंजिनाचा क्लॅम्प सरकलेला असतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. इंजिन उभ्या रेषेत आहे का, हे गवंड्याच्या ओळंब्यानंही कळतं. पंख्याच्या वर जी आडवी चपटी पट्टी असते, ती साधारण बोटीच्या तळाच्या पातळीत हवी. इंजिन फार वर बसवलं किंवा मागे जास्त उचललेलं ठेवलं, की बोट सरळ ठेवणं कठीण जातं. एक-दोन घरं आत घेऊन बघावं.

त्याच आडव्या पट्टीखाली माशाच्या परासारखा एक छोटा तुकडा असतो. अनेक जण तो फिरवत बसतात. तो सुकाणूची ओढ कमी करण्यासाठी आहे, बोटीचा झुकाव त्यानं जात नाही.

बोट एकाच बाजूला न झुकता जास्त वेगात डावी-उजवी, डावी-उजवी असे हेलकावे खात असेल तर तो आजार वेगळा. तेव्हा रेस हळूहळू कमी करायची, इंजिन आत घ्यायचं आणि सुकाणूची केबल किंवा नट ढिले आहेत का ते बघायचं.

एवढं करूनही झुकाव राहिला तर दोष तळाच्या आकारात असण्याची शक्यता मोठी. वेगात बोट सगळी पाण्यात नसते, मागच्या चार-पाच फुटांच्या तळावर ती घसरत असते. तिथं थोडा जरी खळगा किंवा फुगवटा असला तरी फरक पडतो, पुढच्या भागात तेवढाच पोचा आला तर चालून जातं. बोट उपडी करून गवंड्याची अॅल्युमिनियमची सरळ पट्टी मागच्या कडेपासून पुढे, लांबीच्या दिशेनं ठेवावी. आधी डावीकडे, मग मध्यापासून तेवढ्याच अंतरावर उजवीकडे. पट्टीच्या मध्याखालून उजेड दिसला तर तिथं खळगा आहे. पट्टी डुगडुगली तर फुगवटा.

इथं एक गंमत आहे. खळगा असलेल्या बाजूला पाणी जास्त जोरानं वर ढकलतं, ती बाजू उचलली जाते आणि झुकते दुसरीच. म्हणजे दुखणं उजवीकडे आणि लंगडतो डावा पाय. फुगवट्याचं उलट, तो आपल्याच बाजूला खाली ओढतो. पावसाळ्याआधी दोन दगडांवर टेकवून महिनोन् महिने उन्हात ठेवलेल्या फायबर बोटींना हा दोष हमखास जडतो. बोट ठेवायची तर तळाला लांबवर आधार मिळेल अशी, सावलीत ठेवावी. फायबरचा खळगा जाणकार कारागीर भरून, घासून सरळ करतो. अॅल्युमिनियमच्या बोटीवर घरी हातोडा चालवू नये, सांधे उकलतात.

मागे बसवायच्या पट्ट्या, ज्यांना ट्रिम टॅब म्हणतात, त्यांची पाळी सगळ्यात शेवटी. जे अंग खाली जातं, त्याच बाजूची पट्टी खाली करायची, म्हणजे पाण्याच्या दाबानं ते अंग वर येतं. पट्टी थोडीथोडीच हलवावी. तळात पाणी भरलेल्या बोटीला टॅब लावणं म्हणजे पंक्चर चाकावर टायर पॉलिश मारणं.

पुराच्या वेळी बचाव पथकं वापरतात त्या रबरी बोटींचं गणित सोपं आहे. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांनी असा पूर अनुभवला. त्या बोटींमध्ये झुकाव दिसला तर आधी दोन्ही बाजूंच्या नळ्यांतली हवा मोजावी. काठावर उन्हात भरलेली हवा थंड पाण्यात उतरल्यावर दाब सोडते. म्हणून पाण्यात टाकल्यावर पुन्हा एकदा मोजायची.

मोठी दुरुस्ती किंवा इंजिनात बदल केला असेल तर कागदपत्रांकडेही बघावं. अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ नुसार यंत्रावर चालणाऱ्या बोटीची नोंदणी आणि तपासणी लागते. राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. नावात सागर असला तरी धरणावरची बोटही त्यात येते.

दुरुस्तीनंतरची चाचणी सकाळी वारा नसताना, जाळी आणि पोहणारी मुलं यांच्यापासून लांब घ्यावी. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत प्रवासी बोटीला धडकलेली नौदलाची स्पीडबोट इंजिनाच्या चाचणीवरच होती. तिचा ताबा सुटला आणि तेराहून अधिक जणांचा जीव गेला. चाचणीत फक्त दोन माणसं, दोघांच्या अंगावर लाइफ जॅकेट, आणि चालक पडला तर इंजिन बंद करणारी दोरी त्याच्या मनगटाला बांधलेली हवी. वेग टप्प्याटप्प्यानं वाढवावा. रिकामी बोट सरळ धावली की काठावर आणून नेहमीचं वजन चढवावं आणि तीच फेरी पुन्हा मारावी. रिकाम्या बोटीत जुळलेली पट्टी भरल्या बोटीत बहुतेक वेळा थोडी कमी-जास्त करावी लागते.