ब्रेनरच्या वाटेने
परदेशातील आगगाडीचा प्रवास आणि त्याचा पूर्वबंदोबस्त

ज्या कोल्हापुरात मिरजेहून येणारी आगगाडी १८९१ साली प्रथम धावली, त्याच कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज त्यापूर्वी दोन दशके, म्हणजे १८७० साली, युरोपातील लोहमार्गांवरून देशोदेशी संचार करीत होते, ही गोष्ट करवीरकरांच्या स्मरणात असावी तितकी नाही. वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी विलायतेस गेलेल्या या तरुण राजाने आपली दैनंदिनी इंग्रजीत लिहून ठेवली होती आणि त्यांच्या पश्चात कॅप्टन वेस्ट यांनी ती संपादून १८७२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केली.

महाराज स्वदेशी परतण्यास निघाले तेव्हा फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध ऐन भरात होते, पॅरिसला वेढा पडला होता आणि फ्रान्समधून इटलीस उतरण्याची सरळ वाट भरवशाची राहिली नव्हती; म्हणून बेल्जियम, जर्मनी आणि आल्प्स पर्वतातील टिरोल प्रांत असा वळसा घेऊन, ज्यावरील लोहमार्ग १८६७ सालीच खुला झाला होता त्या ब्रेनरच्या घाटाने, ते हिवाळ्याच्या तोंडी इटलीत आले. घाटमाथ्याची उंची सुमारे १३७० मीटर, आणि त्या काळच्या डब्यात ऊब म्हणजे बहुधा पायांखाली ठेवलेला गरम पाण्याचा डबा! वाटेत प्रकृती ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्स येथे त्यांचे देहावसान झाले. नगरपालिकेची खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू विधीने दहन करण्यात आले. तेथील छत्री आजही उभी आहे.

महाराजांच्या दिमतीला सरकारी अधिकारी आणि नोकरचाकर होते. मार्ग ठरविणे, तिकिटे काढणे, सामानसुमान चढविणे-उतरविणे यांचा भार दुसऱ्यांच्या शिरावर होता. आज म्युनिक किंवा स्टुटगार्ट येथे नोकरीस असलेल्या मुलाकडे जाऊन, तो कचेरीत गुंतलेला असताना आपणच इटली पाहून यावी असे मनात आणणाऱ्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतील निवृत्त दांपत्याला मात्र स्वतःच स्वतःचे कारभारी व्हावे लागते. आणि या कारभाराचा मोठा भाग घर सोडण्यापूर्वीच, कागदावर, उरकलेला असावा लागतो.

आपल्याकडे आरक्षण म्हणजे डबा आणि आसन दोन्ही निश्चित, असा शिरस्ता असल्यामुळे जर्मनीत होणारा पहिला घोटाळा असा की, तिकीट हाती असूनही जागा मिळेलच असे नाही. तेथील बहुतेक गाड्यांत आसनाचे आरक्षण ऐच्छिक असून त्याचे पैसे वेगळे पडतात. उलट फ्रान्समधील वेगवान गाड्यांत ते सक्तीचे असते. दुसरी बाब गाडी बदलण्याची. संपूर्ण प्रवासाचे एकच तिकीट असेल आणि पहिल्या गाडीच्या दिरंगाईने पुढली चुकली, तर पुढे पोहोचविण्याची जबाबदारी रेल्वेवर येते. पण दोन-चार रुपये वाचविण्याच्या मोहाने तुकड्यातुकड्यांनी स्वतंत्र तिकिटे काढली असतील, तर ती जबाबदारी सहसा कोणी घेत नाही. जर्मन वक्तशीरपणाची आख्यायिका आपल्या मनात घट्ट बसलेली आहे, परंतु २०२४ साली तेथील लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर पोहोचलेल्यांचे प्रमाण दोन-तृतीयांशांहूनही कमी होते. तेव्हा दोन गाड्यांमध्ये सात-आठ मिनिटांचे अंतर तिकिटाच्या यंत्राने सुचविले तरी ते मान्य न करता तासाभराची सवड ठेवावी, आणि दिवसातील शेवटच्या गाडीवर तर कधीच विसंबू नये. ही सवड वाया जाते असे ज्यांना वाटते त्यांनी खुशाल सहल कंपनीच्या बसने जावे.

पॅरिसमध्ये एका गाडीतून उतरून दुसरीत बसावयाचे म्हणजे अनेकदा शहराच्या एका टोकाच्या स्थानकातून दुसऱ्या टोकाच्या स्थानकात जावयाचे असते, हे वेळापत्रकाच्या एका ओळीतून लक्षात येत नाही. व्हेनिसचे तिकीट काढून मेस्त्रे या मुख्य भूमीवरील स्थानकात उतरलेला प्रवासी कालवे शोधीत राहतो. इटलीतील प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी स्थानकावरील यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागतो. तो नसेल तर तिकीट असूनही दंड होऊ शकतो, आणि अज्ञानाची सबब तपासनीस ऐकतीलच असे नाही. रात्रीच्या काही गाड्यांचे डबे वाटेत तुटून निरनिराळ्या शहरांकडे जातात, म्हणून आपला डबा कोणत्या गावचा याची चढतानाच खातरजमा करावी.

सामानाविषयी आपल्या मंडळींना सांगणे कठीण! कांदालसूण चटणीचे डबे नेणे हे मातृधर्माचे अंग आहे हे मान्य. परंतु तेथे हमाल बहुधा मिळत नाही, मधल्या स्थानकावर गाडी दोन-तीन मिनिटेच थांबते, आणि जी पेटी आपल्याला एकट्याने उचलून पायऱ्या चढता येत नाही ती नेऊच नये. चोरही नेमकी हीच धांदल हेरतात. दार बंद होण्याच्या क्षणी कोणी पिशवी ओढून फलाटावर उतरतो, तर तिकिटाच्या यंत्रापाशी कोणी अगत्याने मदतीस धावून येऊन सुटे पैसे किंवा कार्ड लांबवितो. अशा अनाहूत मदतनीसाला नम्रपणे दूर ठेवावे. पारपत्र आणि पैशांचा मुख्य भाग अंगावर असावा, वरच्या फळीवरील पिशवीत नव्हे. सीमा खुल्या झाल्या म्हणतात, तरी ऑस्ट्रियातून जर्मनीत शिरणाऱ्या गाड्यांत पोलीस चढून दस्तऐवज पाहतात. मूळ पारपत्र मुलाच्या घरी कपाटात ठेवून केवळ छायाप्रत घेऊन निघणे म्हणजे विनाकारण खोळंबा ओढवून घेणे होय.

पारपत्र गहाळच झाले तर प्रथम स्थानिक पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी, कारण भारतीय दूतावासात तीच मागतात. दूतावास नवे पारपत्र किंवा केवळ मायदेशी परतण्यापुरता तातडीचा दाखला देतो. त्यासाठी पारपत्राच्या पानांची व व्हिसाची प्रत एक मुलाकडे आणि एक कोल्हापुरातील घरी ठेवावी. ११२ हा संकटकाळचा क्रमांक युरोपीय संघात सर्वत्र विनामूल्य चालतो. तो भ्रमणध्वनीत नोंदवून ठेवावाच, पण औषधांची नावे आणि मुलाचा पत्ता यांसह कागदावर लिहून दोघांच्याही खिशात वेगवेगळा ठेवावा.