सहा महिने गप्प राहिल्याची शिक्षा
लेखमाला : नागरिक कोणाचा? (भाग 6)

मागच्या भागात आपण युगोस्लाव्हिया फुटला तिथवर आलो होतो. आज त्यातून 25 जून 1991 रोजी स्वतंत्र झालेल्या स्लोव्हेनियात जायचं आहे. आल्प्सच्या कुशीतला, जेमतेम वीस लाख वस्तीचा देश. त्याचं युद्ध दहा दिवसांत आटोपलं; बोस्नियासारखा रक्तपात तिथे झाला नाही. म्हणूनच तिथे जे घडलं त्याकडे जगाचं लक्ष बरीच वर्षं गेलं नाही. ते घडलं सरकारी नोंदवहीत, आणि ज्यांच्याबाबतीत घडलं त्यांनाही कोणी कळवलं नाही.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. युगोस्लाव्हियात प्रत्येकाचं नागरिकत्व दुहेरी होतं : एक संघराज्याचं, दुसरं सहा प्रजासत्ताकांपैकी एकाचं. हे दुसरं रोजच्या व्यवहारात कुठेच आडवं येत नसे. दादरमध्ये तीन पिढ्या राहिलेल्या कुटुंबाला मूळ गाव विचारलं, तर ते संगमेश्वर किंवा मालवण सांगतं, पण त्यावाचून त्यांचं रेशनकार्ड अडत नाही. तसंच हे. बोस्नियातला माणूस वेलेन्येच्या कोळसा खाणीत किंवा येसेनित्सेच्या पोलाद कारखान्यात कामाला यायचा, तिथेच संसार थाटायचा. त्याची मुलगी स्लोव्हेनियात जन्मायची, स्लोव्हेन भाषेत शिकायची, आणि तरी कुठल्याशा नोंदवहीत ती बोस्नियाची असायची. अनेकांना आपली नोंद कुठली आहे हे माहीतही नव्हतं. माहीत असायचं कारणच काय होतं?

मग देश झाला. स्वातंत्र्यासाठीच्या सार्वमताआधी, डिसेंबर 1990 मध्ये, तिथल्या संसदेने जाहीर वचन दिलं होतं की इथे कायम राहणाऱ्या इतर प्रजासत्ताकांच्या लोकांना हवं असल्यास नागरिकत्व मिळेल. ते वचन बऱ्याच अंशी पाळलंही गेलं, आणि हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. सार्वमताच्या दिवशी, म्हणजे 23 डिसेंबर 1990 रोजी, ज्यांची कायम वास्तव्याची नोंद होती आणि जे खरोखर तिथे राहत होते, त्यांनी सहा महिन्यांत अर्ज करायचा होता. भाषेची परीक्षा नव्हती. सुमारे 1 लाख 70 हजार लोक असे नागरिक झाले. त्या काळात पूर्व युरोपातल्या सगळ्याच नव्या देशांनी इतका उदारपणा दाखवला नाही.

प्रश्न उरला अर्ज न केलेल्यांचा आणि ज्यांचे अर्ज फेटाळले गेले त्यांचा. सहा महिन्यांची मुदत डिसेंबर 1991 मध्ये संपली. त्यावर दोन महिने गेले की अशा लोकांना परकीय नागरिकांचा कायदा लागू होईल, असं त्या कायद्याच्या कलम 81 मध्ये म्हटलं होतं. 26 फेब्रुवारी 1992 रोजी त्यांची नावं कायम रहिवाशांच्या नोंदवहीतून काढली गेली. नोटीस नाही, सुनावणी नाही, पत्र नाही. कोणी वाहन परवान्याच्या नूतनीकरणाला गेलं, कोणी बाळाची नोंद करायला, आणि खिडकीपलीकडच्या माणसाने ओळखपत्र मागून घेऊन त्याला भोक पाडलं. त्या क्षणापासून हातातली नोकरी बेकायदा, आरोग्य विमा बंद, निवृत्तिवेतन अडलेलं. रस्त्यात पोलिसाने कागद मागितले तर थेट हद्दपारीची भीती, तीही जिथे युद्ध पेटलं होतं त्या मुलखात. काहींना खरोखरच तसं धाडलं गेलं. या लोकांना तिथे ‘इझ्ब्रिसानी’ म्हणतात. अर्थ एकच : पुसलेले.

मला सर्वांत जास्त लागते ती यापुढची गोष्ट. त्याच कायद्याच्या पुढच्याच कलमाने खऱ्याखुऱ्या परदेशी माणसांना अभय दिलं होतं. एखादा इटालियन किंवा जर्मन युगोस्लाव्हियाच्या काळात कायम वास्तव्याचा परवाना घेऊन ल्युब्लियानात राहत असेल, तर त्याचा परवाना नव्या देशातही चालू राहिला. ज्याच्याकडे असा परवाना नव्हता, कारण काल-परवापर्यंत तो त्याच देशाचा नागरिक होता, तो मात्र रातोरात कोणीच उरला नाही. परका ठरण्यासाठीही आधी कागद लागत होता.

लोकांनी अर्ज का केला नाही? कोणाला वाटलं, जन्मच इथला, आपण आपोआप नागरिक. कोणाला चुकीची माहिती मिळाली, कोणाची कागदपत्रं दुसऱ्या प्रजासत्ताकातून युद्धामुळे येईनात. कोणी युगोस्लाव्ह सैन्यात नोकरीला होतं. आणि काहींना नागरिकत्व नकोच होतं. आहोत तिथे, आहोत तसे राहू द्या, एवढीच इच्छा होती. ही शेवटची इच्छा मला जराही गैर वाटत नाही. नागरिक व्हायचं की नाही हा एक प्रश्न आहे, वर्षानुवर्षं राहतो त्या घरात राहता येईल की नाही हा दुसरा. स्लोव्हेनियाने पहिल्याचं उत्तर न देणाऱ्याला दुसऱ्यात नापास केलं.

आपल्याकडे मौन म्हणजे संमती. गोव्यात भारत सरकारने नेमकं तेच धरलं होतं. 1962 च्या गोवा, दमण व दीव नागरिकत्व आदेशानुसार, जी व्यक्ती किंवा जिचे आईवडील वा आजीआजोबा त्या प्रदेशात जन्मले, ती 20 डिसेंबर 1961 पासून भारतीय मानली गेली. ज्याला जुनंच नागरिकत्व ठेवायचं होतं, त्याने एक महिन्यात तसं लेखी कळवायचं होतं. काहींनी कळवलंही. एका ख्रिस्ती धर्मगुरूंनी पोर्तुगीज राहणं पसंत केलं, पुढे वास्तव्याच्या परवान्यावरून खटला झाला आणि 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. त्या आदेशावर आक्षेप घेता येतील. एक महिना ही मुदत फार थोडी होती. पण ज्याला काही कळलं नाही, जो अडाणी होता, आजारी होता, शेतात होता, तो गप्प राहिला तरी बेघर झाला नाही. कायद्यात मौनाचा अर्थ काय लावायचा, हे एकच वाक्य असतं. त्या वाक्यावर हजारो संसार टांगलेले असतात.

स्लोव्हेनियाच्या घटनात्मक न्यायालयाने 1999 मध्ये हा प्रकार घटनाबाह्य ठरवला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने नागरिकत्वाबाबतचा आपला मसुदा पूर्ण केला. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की देश बदलला म्हणून तिथल्या नित्य रहिवाशाचं रहिवासीपण बाधित होता कामा नये. 2003 मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावलं : वास्तव्य 1992 पासून सलग मान्य करा. त्यावर एप्रिल 2004 मध्ये देशात सार्वमत झालं. मतदान एक तृतीयांशाहूनही कमी, आणि मत देणाऱ्यांपैकी सुमारे 95 टक्क्यांनी या लोकांच्या विरोधात कौल दिला. महिन्याभरात स्लोव्हेनिया युरोपीय संघात दाखल झाला. अखेर 26 जून 2012 रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या सर्वोच्च पीठाने कुरिच खटल्यात देशाला दोषी धरलं. भरपाई ठरली पुसलेल्या प्रत्येक महिन्यामागे 50 युरो. राष्ट्राध्यक्ष बोरुत पाहोर यांनी माफी मागितली ती 2022 मध्ये, तीस वर्षांनी.

पुसलेली नावं किती, हे सरकारने मोजून सांगितलं 2009 मध्ये : 25,671. वस्तीच्या शंभरात एकाहून थोडी अधिक. त्यातल्या काहींनी पुढे नागरिकत्व मिळवलं, काहींनी परवाना. 13,426 जणांकडे मात्र स्लोव्हेनियातला कुठलाच वैध दर्जा नव्हता, आणि ते कुठे आहेत हे सरकारलाही ठाऊक नव्हतं.

(पुढील भागात : 1948 चा सिलोन आणि चहाच्या मळ्यांतले तमिळ मजूर.)