विश्लेषण : गॅरेजच्या ‘गन’ला किती हवा लागते? कॉम्प्रेसर घेताना टाकीपेक्षा काय पाहावे?

चारचाकीच्या छोट्या गॅरेजमध्ये पहिली मोठी खरेदी बहुतेकदा एअर कॉम्प्रेसरची असते. दुकानदार विचारतो, ‘किती लिटरची टाकी देऊ?’ आणि व्यवहार तिथेच चुकतो. नवी कोरी इम्पॅक्ट गन तिसऱ्या चाकापर्यंत पोहोचते आणि दमते. नट हलत नाही, कारागीर लांब पाइप लावलेला पान्हा उचलतो आणि दोष गनला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा गन चांगली असते, तिला हवा पुरत नसते.

टाकी मोठी म्हणजे हवा जास्त, हे खरे का?

अर्धेच खरे. टाकी हवा साठवते, तयार करत नाही. हवा तयार करतो तो वरचा पंप, आणि तो मिनिटाला किती हवा देतो हे ‘सीएफएम’मध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट, असे मोजतात. एक सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे 28 लिटर हवा. शंभर लिटरची टाकी 8 बारपर्यंत भरली आणि गन 6 बारपर्यंत चालवली, तर हाती येणारी हवा साधारण 200 लिटर. अर्धा इंची गन सलग दाबून धरली तर ती मिनिटाला 20 सीएफएमच्या आसपास, म्हणजे साडेपाचशे लिटरहून जास्त हवा ओढते. नुसत्या टाकीवर ती वीस-एकवीस सेकंद चालेल. पुढचे सगळे पंपाच्या भरवशावर.

मग गनच्या डब्यावर 4-5 सीएफएम का लिहिलेले असते?

तो आकडा सरासरी वापराचा असतो. मिनिटातला जेमतेम पाव वेळ ट्रिगर दाबलेला राहील असे धरून तो काढलेला असतो. हे खोटे नाही, पण अर्धवट आहे. एका छोट्या कारचा हिशोब पाहा. चार चाके, प्रत्येकी चार नट, म्हणजे सोळा. एका नटाला तीन सेकंद धरले तर गन 48 सेकंद चालते आणि सुमारे 450 लिटर हवा खाते. चाके उतरवत हे काम चार मिनिटांत झाले, तर तेवढ्या वेळात 6 सीएफएम देणारा दोन एचपीचा कॉम्प्रेसर 680 लिटर हवा देतो. काम निभते. पण त्याच वेळी शेजारचा मुलगा हवेच्या झोताने फिल्टर साफ करत असेल, तर निभत नाही. म्हणून एक कारागीर आणि एक अर्धा इंची गन असेल तर दोन एचपी चालतो. दोन कारागीर असतील तर तीन एचपीच्या खाली उतरू नये.

ट्रकचे काम घेणाऱ्याचा हिशोब वेगळा. एक इंची गनची भूक अर्धा इंचीच्या दुपटीच्या आसपास असते आणि गंजलेला नट सुटायला वेळही जास्त घेतो. शिवाय ट्रकच्या टायरमध्ये शंभर पीएसआयच्या वर हवा भरावी लागते. 8 बारच्या, म्हणजे सुमारे 115 पीएसआयच्या मशिनची तिथे दमछाक होते. अशा ठिकाणी 12 बारपर्यंत जाणारा दोन टप्प्यांचा पंप आणि मोठी मोटर घ्यावी लागते.

पाटीवरचा कोणता आकडा वाचायचा?

‘पिस्टन डिस्प्लेसमेंट’ हा आकडा मोठा दिसतो, कारण तो पिस्टनने कागदावर ढकललेली हवा सांगतो. नळीतून प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा ‘एफएडी’ म्हणून दिलेली असते. पिस्टनच्या छोट्या मशिनमध्ये ती पहिल्या आकड्याच्या साधारण 65 ते 75 टक्के भरते. पाटीवर 12 सीएफएम असेल तर हाती आठ-नऊ. विक्रेता एफएडी सांगायला टाळाटाळ करत असेल, तर पुढचे दुकान पाहिलेले बरे.

मोटरला थेट जोडलेली, तेल न लागणारी छोटी मशिन स्वस्त आणि हलकी असतात, पण फार वेगाने फिरतात, तापतात आणि कान किटवतात. दिवसभराच्या कामाला पट्ट्यावर चालणारा, सावकाश फिरणारा पंप बरा. त्यालाही विश्रांती लागते. मोटर थांबतच नसेल, तर मशिन कामाला लहान पडले आहे असे समजावे.

वीज जोडणीचे काय?

तीन एचपी म्हणजे सुमारे 2.2 किलोवॉट. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. गॅरेज लाइनच्या टोकाला असेल आणि संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल, तर सिंगल फेज मोटर गुरगुरत राहते आणि कधीतरी जळते. तीन एचपीच्या पुढे थ्री फेज आणि मंजूर भार या दोन्हींची चौकशी मशिन घेण्याआधी करावी, नंतर नव्हे.

पाइपमुळे एवढा फरक पडतो?

पडतो, आणि इथेच सर्वात जास्त पैसा वाया जातो. गनची ताकद 90 पीएसआयवर सांगितलेली असते, तीही गन चालू असताना तिच्या तोंडाशी. पाव इंची, दहा मीटर लांब पाइपमध्ये एक बारहून जास्त दाब गळून पडतो. कारागीर मग रेग्युलेटर वर करतो. त्याऐवजी आतून 10 मिलिमीटरचा पाइप आणि मोठ्या तोंडाचे कपलर लावले, तर जुनीच गन नव्यासारखी वाटते. गळतीही तपासावी. एक मिलिमीटरच्या छिद्रातून मिनिटाला सत्तरेक लिटर हवा जाते, म्हणजे दोन एचपी मशिनची तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कमाई. रात्री टाकी भरून झडप उघडी ठेवायची, मोटर बंद करायची आणि सकाळी काटा पाहायचा.

जुनी टाकी घ्यावी का?

पंप जुना चालेल, दुरुस्त होतो. टाकीबाबत मात्र काटकसर नको. दाबलेल्या हवेतले पाणी तळाशी साचते आणि पत्रा आतून खातो. बाहेरचा रंग तजेलदार असतानाच टाकी फुटू शकते. म्हणून रोज संध्याकाळी खालचा कॉक उघडून पाणी सोडावे लागते. पावसाळ्यात कोकणात तर दिवसातून दोनदा. जुनी टाकी घ्यायचीच झाली, तर पाण्याच्या दाबाची चाचणी करून घ्यावी आणि सेफ्टी वॉल्व्हची कडी ओढून हवा सुटते का ते पाहावे. तळाला वेल्डिंगचे ठिगळ दिसले, तर ती टाकी भंगाराच्या भावातही घेऊ नये.