भरती-ओहोटीचें गणित व संगणकाची आज्ञावली

अलिबागच्या किनाऱ्यावर उभें राहिलें म्हणजे समोर समुद्रांत कुलाब्याचा किल्ला दिसतो. भरतीच्या वेळीं त्याच्या चोहोंकडे पाणी असतें. ओहोटी पुरी झाली म्हणजे तेथें पायीं जातां येतें. पाणी केव्हां ओसरेल व केव्हां परत फिरेल हें ज्यास ठाऊक नाहीं त्यानें त्या वाटेस जाऊं नये, असें येथील वडीलधारी माणसें मुलांस बजावीत आलीं आहेत. ही वेळ काढण्याची एक जुनी रीत कोंकणकिनाऱ्यावर प्रचलित आहे. संगणकशास्त्राचा अभ्यास ज्यांनीं नुकताच आरंभिला आहे अशा आमच्या विद्यार्थ्यांस त्या शास्त्राचीं मूलतत्त्वें समजावून देण्यास याहून चांगलें उदाहरण आम्हांस सांपडलें नाहीं.

रीत अशी: पंचांगांत तिथि पाहावी व तिची पाऊणपट करावी, जी संख्या येईल तितके वाजतां पूर्ण भरती. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजतां भरती. तेथून सुमारें सहा तासांनीं, म्हणजे नऊ वाजतां, ओहोटी. पूर्वींच्या शाळांत पाऊणकी मुखोद्गत करवून घेत. त्या पिढीस या गणितासाठीं पाटीहि लागत नसे.

ठराविक पायऱ्यांनीं, ठराविक क्रमानें करावयाची आणि निश्चित शेवट असलेली जी रीत, तिला 'अल्गोरिदम' म्हणतात. नवव्या शतकांत बगदाद येथें होऊन गेलेला गणिती अल्-ख्वारिज्मी याच्या नांवावरून हा शब्द आला आहे. हीच रीत यंत्रास कळेल अशा भाषेंत लिहिली म्हणजे ती आज्ञावली, अर्थात् प्रोग्रॅम, होय.

शेजाऱ्यास ही रीत सांगावयाची तर एक वाक्य पुरे, कारण न सांगितलेलें तो आपल्या अकलेनें भरून काढतो. संगणकास तशी अक्कल नाहीं. त्यास पुढीलप्रमाणें एकेक पायरी सांगावी लागते:

(१) आजची तिथि विचारून घे; तिला 'ति' म्हण.
(२) 'ति'ची पाऊणपट कर. तिला 'भ' म्हण.
(३) 'भ'मध्यें ६ मिळव. उत्तरास 'ओ' म्हण.
(४) 'ओ' १२ हून अधिक असेल तर त्यांतून १२ वजा कर.
(५) 'ओ' ही ओहोटीची वेळ म्हणून सांग.

या पांच ओळींत बरेंच कांहीं आलें आहे. पहिल्या ओळींत बाहेरून माहिती घेतली, तें आदान. शेवटच्या ओळींत उत्तर दिलें, तें प्रदान. 'ति', 'भ' व 'ओ' हीं नांव लिहिलेल्या डब्यांसारखीं आहेत. डबा तोच, आंतील संख्या मात्र रोज निराळी. यांस 'चल' म्हणतात. चवथ्या ओळींत 'असेल तर' आहे, ती अट. दशमीस दहाची पाऊणपट साडेसात. त्यांत सहा मिळवितां साडेतेरा. बारा वजा जातां दीड. म्हणून दशमीस दीड वाजतां ओहोटी. चतुर्थीस मात्र उत्तर नऊच येत असल्यामुळें ती ओळ यंत्र सोडून देतें.

आतां ही आज्ञावली कसोटीस लावूं. पंचांगांत अमावास्येपुढें १५ नव्हे, ३० हा आंकडा असतो. तिसाची पाऊणपट साडेबावीस. सहा मिळवितां साडेअठ्ठावीस. बारा वजा जातां साडेसोळा! घड्याळांत साडेसोळा कोठून वाजणार? माणूस येथें थबकला असता. यंत्र हें उत्तर बिनदिक्कत देतें. दोष यंत्राचा नाहीं, लिहिणाराचा आहे. म्हणून चवथी ओळ अशी बदलावी: 'जोंवर "ओ" १२ हून अधिक आहे, तोंवर त्यांतून १२ वजा करीत राहा.' 'जर-तर' एकदांच तपासतें. 'जोंवर-तोंवर' अट सुटेपर्यंत तेंच काम पुनःपुन्हा करितें. यास आवर्तन म्हणतात. आतां उत्तर साडेचार येतें.

पण हें तरी खरें काय? पौर्णिमेस याच रीतीनें सव्वापांच येतात. पौर्णिमा व अमावास्या या दोन्ही तिथींस ओहोटी एकाच सुमारास लागते, हें किनाऱ्यावरील पोरहि जाणतें. मग ही पाऊण तासाची तफावत कां? आणखी पाहा: पौर्णिमेस भरती सव्वाअकरास आणि दुसऱ्या दिवशीं, प्रतिपदेस, पाऊण वाजतां. रोज पाऊण तास पुढें जाणारा समुद्र एकाच दिवशीं दीड तास उडी मारील काय?

चूक गुणकांत आहे. पंधरा तिथींत भरतीची वेळ घड्याळाचा एक फेरा, म्हणजे १२ तास किंवा ७२० मिनिटें, पुरा करिते. ७२० ला १५ नीं भागितां दर तिथीस ४८ मिनिटें येतात. पाऊण तासाचीं मात्र ४५ च. रोजचीं तीन मिनिटें सांचत जाऊन पंधराव्या दिवशीं पाऊण तासाची चूक होते. वाडवडिलांनीं पाऊणकी घेतली ती तोंडी हिशेबाच्या सोयीसाठीं. यंत्रास चारपंचमांशाचें ओझें वाटत नाहीं. तो गुणक घालतांच पौर्णिमा व अमावास्या या दोहोंस भरती बारा वाजतां व ओहोटी सहा वाजतां येते, आणि उडी नाहींशी होते. नाहीं तर अमावास्येस साडेचारलाच ओहोटी समजून जो पाण्यांत उतरेल, त्याच्यापुढें अजून दीड तास ओसरावयाचें पाणी असेल.

तथापि हाहि सरासरीचाच हिशेब होय. सूर्यचंद्रांचीं अंतरें बदलतात, किनाऱ्याचा आकार आड येतो. असे अनेक परिणाम एकत्र मिळवावे लागतात. ती कंटाळवाणी बेरीज चाकें व कप्प्या यांकडून करवून घेणारें यंत्र, पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेले विल्यम टॉमसन यांनीं १८७२ सालीं योजिलें. आपल्या मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत देशांतच घडविलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० पासून काम करूं लागला. साधनें पालटलीं, परंतु जें आपण नीट सांगूं शकतों तेवढेंच यंत्र करितें, ही गोष्ट अॅडा लव्हलेस या विदुषीनें १८४३ सालींच ओळखली होती.

सबब विद्यार्थ्यांस आमची सूचना अशी कीं, त्यांनीं ही आज्ञावली वहींत लिहून पंधरा दिवस तिचीं उत्तरें भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकाशीं ताडून पाहावीं व फरक मांडून ठेवावा. पालकांसहि विनंति कीं, मुलांनीं वहींतील गणिताच्या भरंवशावर किल्ल्याकडे पाऊल टाकूं नये, एवढें त्यांनीं पाहावें. वारा व पावसाळी लाटा या गणितांत धरलेल्या नाहींत, त्या कोळीवाड्यांतील जाणत्यांसच विचाराव्या. आपल्या रीतींत काय धरलें आहे व काय राहिलें आहे हें ज्यास सांगतां येतें, त्यासच आज्ञावली लिहितां येऊं लागली असें आम्ही समजूं.