काट्याशेजारचं टेबल

सकाळचे साडेनऊ वाजलेत. पोळा होऊन दोनच दिवस झाले आहेत, समोरच्या लिंबाखाली बांधलेल्या बैलांच्या शिंगांचा रंग अजून ताजा आहे. जालना जिल्ह्यातल्या मंठ्याहून रिक्षानं वीस मिनिटांवरचं हे गाव. महालक्ष्म्या आठवड्यावर आल्यात, म्हणून धान्य आजच उचलायचं अशी बायांची घाई. रेशन दुकानापुढच्या रांगेत माणसांपेक्षा पिशव्या जास्त आहेत. पिशवीवर दगड ठेवून नंबर लावायचा आणि ओट्यावर सावलीला बसायचं, अशी इथली रीत.

"अंगठा लागंना गं माय," पहिली बाई म्हणते. ती अंगठा पदराला पुसते, केसांवरून फिरवते, पुन्हा मशीनवर टेकवते. खुरपं धरून धरून रेषा झिजल्यात. चौथ्या वेळी पावती निघते. अंत्योदयचं पिवळं कार्ड आहे, गहू-तांदूळ मिळून 35 किलो. जानेवारी 2023 पासून त्याचे पैसे पडत नाहीत.

ती पोतं ओढायला वाकते तेवढ्यात काट्याच्या डाव्या हाताच्या टेबलावरून हाक येते. "मावशी, पोतं राहू द्या तिथंच. दोन मिनिटं बसा. घरात अठराच्या वरचं कोण हाय?"

टेबल शाळेतून आणलंय. त्यामागं गावचीच एक प्रेरिका आणि मंठ्याहून आलेल्या 'उमेद'च्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, मॅडम बसल्यात. पुढ्यात एक वही, फॉर्मचा गठ्ठा, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर ठेवलेलं किलोचं वजन. रोजगार आणि प्रशिक्षणाची नावनोंदणी चालू आहे. ती रेशन दुकानातच का, असं मी विचारते. मॅडम म्हणतात, "ज्यांच्यासाठी योजना आहे ती माणसं महिन्यातून एकदा इथं येतातच. आमच्या ऑफिसला ती येत नाहीत."

मला हे फार शहाणपणाचं वाटतं. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना 25 सप्टेंबर 2014 ला सुरू झाली. खेड्यातल्या गरीब घरच्या तरुणांना फुकट शिकवायचं आणि नोकरीला लावायचं, असं तिचं काम. त्यासाठी गरिबीचा पुरावा म्हणून अंत्योदयचं कार्ड चालतं. म्हणजे जे कार्ड या बाया प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फक्त गव्हासाठी बाहेर काढतात, त्याच्यावर पोरांचं शिक्षणही होऊ शकतं. पण हे त्यांना कुणी समोर बसून सांगितलेलं नसतं.

ओट्यावरची एक म्हातारी मघापासून ऐकते आहे. "बहात्तर सालात असं नव्हतं," ती म्हणते. "खडी फोडायची, तिथंच सुकडी खायाची. घरी मिलोच्या भाकरी." बहात्तरच्या दुष्काळातल्या त्या कामांच्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या प्रयत्नांनी रोजगार हमीचा कायदा उभा राहिला, 26 जानेवारी 1979 पासून तो राज्यात लागू झाला. पुढं 2001 च्या संपूर्ण ग्रामीण रोजगार योजनेत तर दिवसाच्या मजुरीत पाच किलो धान्य धरलेलं असे. काम आणि दाणा एकाच जागी मिळत. आता दाण्याची रांग एकीकडं, कामाची दुसरीकडं, आणि दुसरी रांग कुठं लागते ते कुणाला ठाऊक नाही. आज या टेबलानं दोन्ही शेजारी आणल्यात.

आता खुर्चीवर एक बारावी झालेली मुलगी बसली आहे. आई मागं उभी. दर साली घर कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जातं.

"तुला काय काय येतं?" मॅडम विचारतात.

"काही न्हाई."

"तिकडं फडावर काय करतीस?"

"लहान्यांना सांभाळते. सैपाक." थोडं थांबून ती म्हणते, "टोळीचा हिशोब लिहिते. कुणाचं किती टन झालं, उचलीतून किती फिटलं."

मॅडम पेन थांबवतात. "आन् म्हणतीस काही येत न्हाई!" फॉर्मवर त्या लिहितात, हिशोब ठेवण्याचा अनुभव. मग तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतात, फोनवर कसं बोलायचं ते. आधी नाव, मग शिक्षण, मग काय येतं. पहिल्यांदा आवाज फुटत नाही. तिसऱ्यांदा ओट्यावरच्या बायांनाही ऐकू जातं.

फॉर्म मात्र अडतो. ओटीपी बापाच्या मोबाइलवर गेलाय आणि बाप कपाशीत फवारत आहे. धाकटा भाऊ वावराकडं पळतो.

आईची काळजी वेगळीच. "संभाजीनगरला, पुण्याला एकटी पोर कशी धाडू?" मॅडम तिला उडवून लावत नाहीत, हे मी मुद्दाम नोंदवते. वसतिगृह असतं, आधी तुम्ही येऊन पाहून जा, असं त्या सांगतात. ते नको असेल तर जालन्याला महाराष्ट्र बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे, राहणं-जेवण फुकट. शेळीपालन दहा दिवसांचं, शिवणकाम महिनाभराचं. आई 'जालना' ऐकून जरा सैलावते.

पण खरी घाई पुढं आहे. मुकादम रविवारी येणार आहे. एकदा उचल घेतली की ती फिटेपर्यंत घर बांधलेलं, आणि दसरा-दिवाळीनंतर गेलेली टोळी चैत्राशिवाय परतत नाही. या तालुक्यात प्रशिक्षणाच्या तुकड्या कोयत्याचं पंचांग बघूनच बसवायला हव्यात. हिवाळ्यात सुरू होणारी तुकडी इथल्या सगळ्यात गरजू पोरांना मुळीच मिळत नाही, कारण तेव्हा ती उसाच्या फडात असतात.

भाऊ धापा टाकत येतो. तळहातावर सहा आकडे लिहून आणलेत. त्याला लागलेल्या वेळात ते शिळे झालेत. तो मोबाइलच घेऊन यायला परत पळतो. यावेळी त्याची बहीणही मागं धावते. अर्ध्या तासानं फॉर्म जातो.

मंठा तालुक्यात तुमच्या ओळखीच्या घरात पिवळं कार्ड असेल, पोरगं किंवा पोरगी अठरा ओलांडलेली असेल, तर त्यांच्यासोबत कार्ड, आधार, गुणपत्रक आणि ज्यावर ओटीपी येतो तो मोबाइल घेऊन 'उमेद'च्या तालुका कक्षात जा. दसऱ्याला अजून सव्वा महिना आहे.